बदलापूरवरचा लाल ठिपका

ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून श्यामकांतांनी पाऊस हे खातं स्वतःकडे घेतलं होतं. मोबाइलवर रडारचं चित्र बघायचं आणि अंबरनाथच्या आपल्या सोसायटीला छत्री घ्यायची की नाही ते सांगायचं, हा त्यांचा उद्योग. आज तर लेकीचा, अनुयाचा साखरपुडा. तोही गच्चीवर आणि ऐन ऑक्टोबरात. सकाळपासून ते त्या चित्राला चिकटून बसले होते.

"मीनल, बदलापूरवर लाल ठिपका! जबरदस्त पाऊस आहे तिकडे."

त्यांनी तडक बदलापूरजवळच्या चामटोलीला फोन लावला. मुलाकडची मंडळी निघायच्या बेतात होती. "व्याही, निघू नका. ठिपका सरकला की कळवतो."

पण ठिपका जागचा हलेना. भटजी घड्याळ बघू लागले. आचाऱ्याने पुऱ्यांची कढई खाली उतरवली.

"अहो, ऊन पडलंय कडकडीत," मीनलताई म्हणाल्या. "मुहूर्त टळायला आला."

"तुला काय दिसणार? रडार लांबचं बघतं!"

शेवटी अवधूतने, अनुयाच्या भावाने, मोबाइल हिसकावून घेतला. "बाबा, हा डोंगर आहे! रडारच्या लहरी डोंगरावर आपटून परत गेल्या तरी कधीकधी असंच लाल दिसतं. ढग असता तर एव्हाना सरकला नसता का?"

एका डोंगरापायी श्यामकांतांनी लेकीचं सासर ताटकळत ठेवलं होतं. त्यांनी घाईघाईने फोन केला.

"आमी कवाचे ओटीवर बसलोय," व्याही जनू पाटील म्हणाले. "नवरदेव दिपेश शेरवानीत घामानं भिजला. इकडं टिपूस नाय. पन पयल्याच दिवशी तुमचा शब्द कसा मोडनार?"

"निघा, निघा! चित्र एकदम क्लिअर आहे!"

मंडळी उघड्या टेम्पोत बसली आणि अर्ध्या वाटेत पावसाने त्यांना गाठलं. डोंगराचा ठिपका सोडला तर चित्र तेव्हाही स्वच्छच होतं. ढग बुटके, रडार लांब, त्याची नजर ढगांच्या डोक्यावरून निघून गेली, असं अवधूतने समजावलं. श्यामकांतांना ते ऐकवेना. आता सोयरीक मोडते की काय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. माफीचं वाक्य घोकत ते दारात उभे राहिले.

चिंब भिजलेल्या जनूंनी टेम्पोतून उतरून त्यांचे दोन्ही हात धरले.

"व्याही, मानला तुमाला! घरात समदी बोलत व्हती, आभाल साफ हाय, व्याही उगाच घाबरवतान. पन तुमी सकाली सांगितलेला पाऊस आला का नाय?"

अवधूतने तोंड उघडलं. मीनलताईंनी त्यात पेढा कोंबला.

"लग्नाची तारीख आता भटजींकडून नको," जनू म्हणाले. "तुमीच काढा, त्या मशीनवर बघून."

श्यामकांतांनी घसा खाकरला.

"काढू की," ते म्हणाले.