मुकी होडी नको

इनासभाव कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्यावर ठोकून बघतो. नारळावर सगळेच ठोकतात, हा प्लास्टिकच्या खुर्चीवरही ठोकतो, कान लावतो आणि म्हणतो, "मुकी आसा." मग ती खुर्ची दुकानातच राहते.

त्याची लाकडी होडी कुजली तेव्हा आचऱ्याच्या खाडीवर सगळ्यांनी फायबरची सुचवली. त्यानं एकीवर वल्हं आपटून पाहिलं. "मुकी." त्याला ॲल्युमिनियमचीच हवी होती. मी शेजारी, त्यातून हिशेबी, म्हणून मला सोबत धरलं. मी समजावलं, फायबर फुटली तर गावात जोडून मिळते. पत्रा फाटला तर वेल्डिंगला गोवा गाठावा लागेल.

"तुझा म्हणणा खरा आसा, बाबल," तो म्हणाला आणि वल्हं घेऊन गोव्याच्या एसटीत चढला.

कंडक्टर म्हणाला, "बरा केलास. बस बंद पडली तर वल्हवतलास."

होड्यांच्या कारखान्यात इनासभावनं मला लांब फाटकापाशी उभं केलं. "कानात कापूस घाल. आयकाक इला तर हात वर कर." तिथले कामगार हसत होते. तो एकेका होडीवर वल्हं आपटून माझ्याकडे बघत राहिला. सर्वांत पातळ पत्र्याच्या होडीला माझा हात वर गेला. माझ्या हिशेबानं ती सगळ्यांत वाईट. त्यानं तीच घेतली.

पहिल्यांदा तो ती घेऊन मासेमारीहून परतला, तेव्हा मी त्याच्या घरापुढच्या खळ्यात बसलो होतो. त्याची बायको आनाबाय तांदूळ निवडत होती. खाडीतून ठोके आले, माडावरचे कावळे उडाले. वळणावर आला की इनासभाव होडीवर वल्हं आपटतो, आणि आनाबाय चुलीवर भात ठेवते. लग्नापासूनची ही रीत. पण हल्ली तिला ऐकू कमी येतं. लाकडावरचे ठोके तिच्यापर्यंत पोचेनासे झाले होते. कापूस कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं.

आनाबायनं मान वर केली नाही.

मी मात्र खाडीकडे वळलो होतो. सुपातून नजर काढून तिनं माझ्याकडे पाहिलं. "इलो काय रे?"

मी मान हलवली. तिनं भात ठेवला.

इनासभाव वर आला. चुलीवरचा टोप बघून त्याचा चेहरा उजळला. "बघलंस मा? फायबरात ह्यां जमला नसता. आयकाक इला हिका."

"इला तर," मी म्हटलं. "लांबसून इला."

आताशा त्याच्या परतायच्या सुमारास मी त्यांच्या खळ्यात जाऊन बसतो, खाडीकडे पाठ करून. ठोके आले की वळतो.