आधी तुम्ही

भोंगेसाहेबांनी गाडीच्या हॉर्नची वायर काढून टाकली, तेव्हा आपण फक्त एक वायर काढतोय असंच त्यांना वाटलं होतं. (आधी चुकून दुसरीच वायर निघाली आणि मागचा एक दिवा गेला, पण तो भाग वेगळा.)

भोंगे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात कारकून. त्यांची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधीच शिपाई त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, इतक्या लांबून त्यांचा हॉर्न ऐकू यायचा, म्हणून हे नाव पडलेलं. रस्त्यावर कुणी त्यांच्या पुढे गेलेलं त्यांना खपत नसे, आणि रस्ता ओलांडणारं माणूस दिसलं की त्यांचं डोकं फिरे. असाच एकदा बाजारापाशी एक म्हातारा हातात पिशवी घेऊन रमतगमत रस्ता ओलांडत होता. साहेबांनी हॉर्न दाबून धरला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडले, "ए म्हाताऱ्या, मरायचंय का?"

म्हातारा थांबला. चष्मा सारखा करून गाडीपाशी आला.

"तशी घाई नव्हती," तो म्हणाला, "पण जावईबापू, तुमचा एवढा आग्रहच असेल तर बघतो."

ते सासरे होते.

त्यानंतर बायको घरात आठवडाभर एक शब्द बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली की रविवारी प्रवचनाला चला. प्रवचनकार पूर्वी ट्रक चालवायचे. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात स्वर्गसुद्धा चढ संपला की डाव्या हाताला लागायचा.

"स्टिअरिंगवर हात ठेवलात की समजा, कुणाच्या तरी जिवावर हात ठेवलाय," ते सांगत होते. "समोरचा घाईत आहे? जाऊ द्या. त्याच्या घरी कुणी आजारी असेल. हॉर्न ही शिवी आहे, ती देणाऱ्याचंच तोंड घाण होतं. गाडीत फोनला शिवू नका. वाट द्या! वाट देणाऱ्याची कधी वाट लागत नाही!"

सांगितलं ते सोळा आणे खरं होतं. सांगणाऱ्याची काही चूक नव्हती. पण दूध चांगलं असून भागत नाही, ते कुठल्या भांड्यात ओततोय तेही बघावं लागतं.

साहेबांनी घरी येऊन हॉर्नची वायर काढली. गाडीत बसताना फोन डिकीत ठेवायला सुरुवात केली. आणि प्रत्येक चौकात थांबून, हात पसरून, मान थोडी कलती करून म्हणायला लागले, "आधी तुम्ही." समोरचा गेला की तो आपल्याकडे बघून हसला का, हेही ते बघत. नाही हसला तर त्यांना वाईट वाटे आणि पुढच्याला ते जरा जास्तच मान कलती करून वाट देत. ऑफिसात रोज उशीर होऊ लागला. मागच्या गाडीवाल्यांच्या शिव्या ते प्रसादासारख्या झेलू लागले. भाजीवाले, कुत्री, उलटे येणारे टेम्पो, सगळ्यांना आधी तुम्ही.

"वाट देता देता एक दिवस आमचीच वाट लावाल," बायको म्हणाली. साहेब नुसते हसले. तिने पुरतं प्रवचन ऐकलेलं नाही, असं त्यांना वाटलं.

आणि मग सासरे गेले.

छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलात नेलं आणि सकाळ व्हायच्या आत खेळ आटोपला. साहेबांना मनापासून वाईट वाटलं. बाजारातला तो प्रसंग सासऱ्यांनी कधीही पुन्हा काढला नव्हता. (एकदाच, डॉक्टर तपासत असताना, ते जावयाकडे बघून म्हणाले होते, "तुमचा शब्द खाली पडू देणार नाही असं दिसतंय." पण ते हसत म्हणाले होते.)

सासूबाईंचे गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना घेऊन साहेब हॉस्पिटलच्या दारात पोचले, तोवर सासऱ्यांना पांघरूण घालून पांढऱ्या शववाहिकेत ठेवलंही होतं. सासूबाईंच्या मुठीत सासऱ्यांचा चष्मा होता. नळ्या लावताना नर्सने काढून दिलेला.

"तोंड तरी बघू द्या रे," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना चष्मा लावायचाय. चष्म्याशिवाय त्यांना दार कुठलं आणि भिंत कुठली कळत नाही. तेवढं करू द्या, मग तुम्हाला काय करायचं ते करा."

"आई, इथं गाडी उभी करू देत नाहीत," मेहुणा म्हणाला. "तिथं पोचल्यावर चेहरा उघडतील, तेव्हा बघ हवं तितका वेळ. मी आणि ताई बाबांजवळ बसतो. भावोजी, विद्युतदाहिनी नवी आहे, गावाबाहेर आहे, सहज सापडत नाही. तुम्ही फक्त आमच्या मागे राहा."

मागे राहणं हा तर साहेबांचा हातखंडा विषय होता.

पहिल्याच चौकात एक शाळेची बस आडवी आली. साहेबांनी हात पसरला. बसमागून दोन रिक्षा घुसल्या, त्यांनाही मान कलती केली. मग सिमेंटचा मिक्सर उलटा वळायला लागला.

"जावईबापू, ते पुढे चालले," सासूबाई म्हणाल्या.

"दिसतायत मला, आई. आपण शांतपणे जाऊ. यांच्याही घरी कुणी आजारी असेल."

"मिक्सरच्या?"

"ड्रायव्हरच्या."

"आमच्या घरचं माणूस तर मेलंय," सासूबाई म्हणाल्या. "त्याचा काही नंबर लागतो का?"

मिक्सर वळून गेला तेव्हा समोरचा रस्ता दूरवर मोकळा होता. त्यात शववाहिका कुठेच नव्हती. पुढच्या वळणावर कुठे जावं ते कळेना म्हणून ते थांबले, आणि तेवढ्यात बाजूच्या रस्त्यावरून एक पांढरी शववाहिका संथपणे बाहेर आली. साहेबांचे डोळे भरून आले. सवयीने त्यांनी हात पसरला, आधी तुम्ही, आणि तिच्या मागे लागले.

"बघा आई," ते म्हणाले, "आपण वाट दिली आणि गाडी आपली आपण समोर आली. उगीच नाही सांगत आपले प्रवचनकारबुवा."

ती गाडी एका जुन्या स्मशानाच्या आवारात शिरली. नवं बांधकाम कुठे दिसत नव्हतं, पण साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. गर्दी बरीच होती. सासऱ्यांच्या ओळखी एवढ्या असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. चौथऱ्यावर देह ठेवून चेहरा उघडला होता. साहेबांनी सासूबाईंचा दंड धरला. त्यांची अवस्था बघून लोक आपोआप बाजूला सरले. साहेब खाली मान घालून उभे राहिले आणि सासूबाईंचा बांध फुटला.

"असे कसे हो गेलात मला न सांगता? सगळा जन्म काढला मी तुमच्याबरोबर! आता मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

उशाशी बसलेल्या एका बाईने रडता रडता मान वर केली.

सासूबाईंनी चाचपडत चष्मा लावला. तो घसरला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा घसरला. त्यांनी बोटांनी नीट चाचपून बघितलं.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "यांचं नाक कुठं गेलं?"

साहेबांनी मान वर केली. चष्म्याखाली झुबकेदार मिशा होत्या. सासऱ्यांनी आयुष्यात मिशी ठेवली नव्हती.

"ही कोण?" उशाशी बसलेली बाई उठून उभी राहिली. "सगळा जन्म काढला म्हणते! दर बुधवारी पत्ते खेळायला जातो म्हणायचे, ते हिच्याकडे? आणि जावईसुद्धा झाला?"

"नाही हो, गैरसमज होतोय," साहेबांना घाम फुटला. "आम्ही चुकून यांच्या मागे लागलो."

"कधीपासून?"

"चौकापासून! गाडीच्या मागे! आमचे वेगळे आहेत, आमचेही आजच गेलेत."

बाईने सासूबाईंकडे नीट बघितलं, मग स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढला, काचा पुसल्या आणि सासूबाईंच्या मुठीत ठेवला.

"पळा बाई," ती म्हणाली. "तुमचे अजून असतील."

नवी विद्युतदाहिनी, गर्दीतल्या एकाने सांगितलं, गावाच्या बरोबर दुसऱ्या टोकाला होती. साहेबांनी गाडी अशी हाणली की जुने भोंगेसाहेबसुद्धा मागे पडले असते. फक्त भोंगा नव्हता. ते स्टिअरिंगच्या मध्यावर बुक्क्या मारत होते आणि गाडी मुकी ती मुकीच. फोन डिकीत आहे, थांबून मेहुण्याला एक शब्द सांगता येईल, हेही त्यांना सुचलं नाही. शेवटी सासूबाईंनी काच खाली केली आणि अर्ध्या बाहेर निघाल्या.

"सरका रे मेल्यांनो! माझा नवरा चाललाय!"

"कुठं, आजी?" एका टेम्पोवाल्याने विचारलं.

"वर!"

टेम्पो फुटपाथवरच चढला. पुढचा सगळा रस्ता लोकांनी त्यांना मोकळा करून दिला. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी शिवी दिली नाही. एका ट्रकवाल्याने तर छातीला हात लावला. माणसं एवढी भली असतात, हे साहेबांना प्रवचन ऐकूनही तोवर माहीत नव्हतं.

ते पोचले तेव्हा बायको आणि मेहुणा बाहेरच्या बाकावर बसले होते. दोघांचे हात रिकामे. बायकोने नवऱ्याकडे बघितलं.

"किती फोन केले," ती म्हणाली. "कुठे होता फोन?"

"डिकीत," साहेब म्हणाले.

"आम्ही शक्य तेवढं थांबलो, आई," मेहुणा म्हणाला. "मागे आणखी दोघांना आणलेलं होतं. त्यांची माणसं उन्हात उभी होती. इथला माणूस म्हणाला, आता मागच्यांना वाट द्या. मग..."

भिंतीचा आधार घेत सासूबाई दाहिनीच्या लोखंडी दारापाशी गेल्या. दार बंद होतं. शेजारी काम करणारा माणूस उभा होता.

"आत उजेड असतो का हो?" त्यांनी विचारलं.

त्याने क्षणभर त्यांच्याकडे आणि त्यांच्या हातातल्या चष्म्याकडे बघितलं. "भरपूर असतो, आजी."

"मग दिसत असेल त्यांना," सासूबाई म्हणाल्या आणि चष्म्याच्या काड्या मिटल्या.

साहेब तिथेच भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे रडले. कुणी त्यांची समजूत घातली नाही. घालण्यासारखं काही नव्हतंही. एका म्हातारीची एकच इच्छा होती, आणि ती त्यांनी मिक्सरला देऊन टाकली होती.

परतताना बायको मागे बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. सासूबाई पुढे. साहेब नियमाने चालले होते, धड जोरात नाही, धड हळू नाही, कुणाला उगीच अडवत नव्हते आणि कुणासाठी उगीच थांबतही नव्हते. अशी गाडी त्यांनी जन्मात पहिल्यांदाच चालवली असेल. सिग्नलला थांबल्यावर त्यांना राहवेना.

"आई," ते म्हणाले, "तुमचं शेवटचं बघणं माझ्यामुळे राहिलं. मला माफ करू नका. शिव्या द्या, मारा, पण काहीतरी बोला. यापुढे तुम्ही सांगाल ते मी करीन."

सिग्नल सुटला, मागचे ओरडायला लागले.

"एक करा मग," सासूबाई म्हणाल्या. "देव मला न्यायला गाडी धाडेल ना, तिच्यावर ड्रायव्हर म्हणून तुम्हीच बसा. म्हणजे आणखी दहा वर्षं तरी मला काही होत नाही."