उभी गाडीसुद्धा खाते

आमच्या सोसायटीत कोणाकडे नवी गाडी आली की ती भर दुपारी, जेवणाच्या वेळेला आत घेतात. मुहूर्त वगैरे काही नाही. त्या वेळात जाधवकाका वर पानावर बसलेले असतात, एवढंच कारण.

कारण काका खाली असले, तर हार घालायच्या आधी ते येऊन बॉनेटवर तळहात ठेवतात. पोराचा ताप बघावा तसा. डोळे मिटतात. आजूबाजूचे पेढे खाता खाता थांबतात. मग डोळे उघडून, मयताला आल्यासारख्या आवाजात काका एक आकडा सांगतात.

मेहताभाईंनी ती काळी, ट्रकची धाकटी बहीण शोभेल अशी गाडी आणली तेव्हा मी तिथेच होतो. काका म्हणाले, "एकोणतीस हजार."

"काय काका! हप्तो तो चौद हजारनोज छे."

"तो दिसतो तो झाला. मी मुरतो तो सांगतोय. महिन्याला एकोणतीस."

मेहताभाईंच्या हातातला नारळ फरशीवर पडला. फुटला नाही. माझं प्रामाणिक मत आहे की तोसुद्धा घाबरला होता.

काका मूळचे चिपळूणकडचे. सगळी नोकरी एका बिस्किटांच्या कारखान्यात, कॉस्टिंगला. म्हणजे एक बिस्कीट खरं केवढ्याला पडतं, हे काढायचं. मैदा-साखर कोणीही मोजेल. काका भट्टी थंड होताना वाया गेलेला गॅस आणि फुटक्या बिस्किटांचा चुरा मोजत. निवृत्तीनंतर बिस्किटं सुटली, भागाकार सुटला नाही. तो येऊन आमच्या भाईंदरच्या, गोडदेवच्या बिल्डिंगमधल्या गाड्यांवर बसला.

त्यांची पद्धत साधी आहे. विम्याला बाराने भागायचं. टायर किती महिने चालणार, त्याने टायरला भागायचं. सर्व्हिसिंग, पार्किंग, पुसणाऱ्याचा पगार, टोल, पीयूसी. खांबाला घासलीत, तो डेंट. घासणार आहात, तोही डेंट. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, "घट."

"गाडी शोरूममधून बाहेर पडली ना, की तिची किंमत गळायला लागते," काका सांगतात. "तू चालव, नको चालवू. तू झोपलास तरी तिचं चालू असतं. आत्ता आपण इथे बोलतोय, आणि ती तिथे उभ्या उभ्या खातेय. गप्प बस जरा. ऐक."

आम्ही गप्प बसलो. खाली पार्किंगमध्ये ट्यूबलाइट फडफडत होती, खांबांच्या मध्ये गाड्या ओळीने उभ्या होत्या. आणि शपथेवर सांगतो, मेहताभाईंच्या गाडीच्या पोटातून आवाज आला. कुर्र... कुर्र... सावकाश, चवीने खाल्ल्यासारखा.

उंदीर असेल. वायर कुरतडत असेल. तसं सगळे म्हणालेच. पण मेहताभाईंना त्या दिवसापासून जेवताना तोच आवाज यायला लागला. महिन्याभरात त्यांनी गाडी विकली. आता रिक्षाने जातात आणि दहा वर्षांनी तरुण दिसतात.

कारण काकांचा कायदाच तसा आहे. तुमचं महिन्याचं सगळं फिरणं रिक्षाने केलंत तर किती पडेल ते काढायचं. गाडीचा आकडा त्याच्या वर गेला, की गाडी विकायची. "त्यात भावना आणायची नाही. भावनेला काय भागणार?" या कायद्याने आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या गेल्या. त्यात माझी तांबडीपण गेली. उरलेल्या गाड्या काकांना ओळखतात. आमचा वॉचमन चौबे सांगतो, काका जिन्यावरून उतरायला लागले की दोन-तीन गाड्यांचे अलार्म आपोआप वाजतात. "कुत्ता रोता है ना साब, वैसे."

काकांची स्वतःची गाडी मात्र या कायद्याला पुरून उरलेली होती. पांढरी, लहान, जुनी. हप्ते केव्हाच फिटलेले, गळायची ती किंमत गळून गेलेली. महिना संपला की काका गेटजवळच्या बाकावर बसून तिचा आकडा जाहीर करायचे आणि मग काकूंना फोन करून सांगायचे. तो कायम रिक्षाच्या खाली.

काकूंना फोन, कारण काकू इथे नसतात. मुलगी बंगळुरूला आहे, तिला जुळी झाली, दोघंही पोरं एकाच वेळी रडतात, म्हणून काकू तिकडे. काकापण गेले होते. पण पहिल्याच दिवशी त्यांनी जावयाच्या गाडीवर हात ठेवला. जावई चार दिवस बोलला नाही. काका पाचव्या दिवशी परत.

आणि मग आकडा चढायला लागला.

पहिल्या महिन्यात थोडा. पुढच्या महिन्यात जास्त. काका बाकावर बसून आकडा सांगायचे आणि दुसरीकडे बघायचे. काकांनी जायचं ते कुठे? बँक, भाजी, रविवारी बुद्धविहार. रिक्षासुद्धा कंटाळेल एवढंसं अंतर. आणि पेट्रोल मात्र रोज नाशिकला जाऊन आल्यासारखं.

मग लोकांना दिसायला लागलं. मेहताभाईंनी हाटकेशच्या नाक्यावर चहा पिताना काकांची गाडी जाताना पाहिली. चहा संपायच्या आत तीच गाडी त्याच बाजूने पुन्हा आली. पैसे देताना तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा जाताना दिसली, येताना एकदाही नाही. दुसऱ्या कोणीतरी मिठागरांच्या बाजूला संध्याकाळी बघितली. धुकं होतं, रस्ता पुढे संपतो, आणि गाडी आत आत चालली होती.

चौबेने तर माझा हातच धरला. "साब, जाते हैं अकेले। पर शीशा बंद रहता है ना, तो अंदर से औरत की आवाज़ आती है। और काका उसको बोलते हैं, अच्छा, और बोल।"

"काकूंचा फोन असेल."

"काकी की आवाज़ मैं पहचानता नहीं क्या? काकी डाँटती है। ये डाँटती नहीं।"

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले ते आजतागायत पूर्ण बसलेले नाहीत. माझं आजोळ संगमेश्वरचं. आमच्याकडे याला स्वच्छ शब्द आहे: चकवा. माणूस ओळखीच्या रस्त्याने निघतो आणि फिरून फिरून तिथेच येतो. रात्रभर रानात चालतो, आणि उजाडल्यावर बघतो तर आपल्याच विहिरीला शंभर फेऱ्या मारलेल्या. चकवा रानातला असतो, पण आता रान कुठे उरलंय? त्यानेपण भाईंदर ईस्टला भाड्याने जागा घेतली असणार.

शुक्रवारी मला काकूंचा फोन आला.

"अरे, ह्यांचा आकडा रिक्षाच्या वर गेला."

"हो काकू, ऐकलं."

"काशीगावचा कोणी माणूस गाडी बघायला रविवारी येतोय. ह्यांनीच बोलावलाय. नियम म्हणजे नियम म्हणतात. पण मला सांग, एवढे किलोमीटर जातात कुठे? विचारलं तर म्हणतात, मुरतात. चाळीस वर्षांत ह्यांनी मला एक पैसा न समजावता सोडला नाही रे. तू जरा बस त्यांच्याबरोबर. गाडी जायच्या आधी बघ काय ते."

शनिवारी संध्याकाळी मी काकांना म्हटलं, "मला हाटकेशला सोडता का?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या खोलीत न विचारता शिरलो. "रिक्षाने जा की."

"पाय दुखतोय."

"पाय रिक्षात दुखत नाही." पण त्यांनी दार उघडलं.

काचा बंद. बाहेर दिवे लागत होते. गोल्डन नेस्टचं सर्कल मागे पडलं. आणि मग बाई बोलली.

"दोनशे मीटरमध्ये, डावीकडे वळा."

मी मागे बघितलं. मागची सीट रिकामी. आवाज मागून नव्हताच. आवाज काकांच्या छातीतून येत होता.

"असं का?" काका हळूच म्हणाले, आणि उजवीकडे वळले.

ती जरा थांबली. मग तितक्याच शांतपणे म्हणाली, "पुढे उजवीकडे वळा, त्यानंतर पुन्हा उजवीकडे वळा."

"बरं, बरं," म्हणत काका सरळ गेले.

तोच पानवाला मला दोनदा दिसला. तोच अर्धा रंगवलेला कंपाउंड तीनदा दिसला. एक माणूस कुत्र्याला घेऊन उभा होता. दुसऱ्या फेरीला कुत्रा एकटाच होता. गाडी कारखान्यांच्या मागच्या गल्लीत शिरली, शटरं खाली, एक दिवा नाही. चकव्यावर आजोळी एक उपाय सांगतात: पायातलं उलटं घालायचं, डाव्याचं उजव्याला. मी खाली वाकून बूट काढले आणि अदलाबदल करून घालायला लागलो.

"काय करतोयस?"

"काही नाही काका. बूट चावतोय."

"चकव्याला करतोयस." काकांनी गाडी बाजूला घेतली. "मी चिपळूणचा. मला सांगतोस? असलं काही नसतं. माझ्या बापाने आम्हाला पहिली गोष्ट ती शिकवली. भूत नाही, भानामती नाही, काही नाही."

"मग ती कोण आहे?"

"जिथे शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या," ती म्हणाली, आणि काकांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात निळा उजेड पडला. तेव्हा कुठे मला खिशातला मोबाइल दिसला. नकाशातली बाई. सगळ्या भाईंदरच्या मोबाइलमध्ये असते ती.

मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात मला वाटलं की हे जास्त भयंकर आहे. चाळीस वर्षं याच भागात राहिलेला माणूस. डोळे बांधून सोडला तरी हाटकेशला पोचेल. तो नकाशा लावतो, आणि नकाशाचं एकही ऐकत नाही.

माझा मोबाइल वाजला. काकूच. उलट्या बुटांच्या गोंधळात माझ्याकडून स्पीकर सुरू झाला.

"काय रे, कळलं का कुठे जातात?"

मी काही बोलायच्या आत खिशातली बाई म्हणाली, "तीनशे मीटर सरळ चला."

पलीकडे एक जुळं रडायला लागलं, मग दुसरं.

"अहो," काकू म्हणाल्या. "गाडीत कोण बाई आहे?"

"नकाशातली आहे गं."

"तुम्हाला नकाशा कशाला लागतो?"

"नाही लागत."

"मग ती सांगते तिथे जाता का?"

"नाही."

"मग बोलू कशाला देता तिला?"

काकांनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. इंजिन चालू होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उभी गाडी चालू ठेवून बसलेलं बघत होतो.

"बरोबर गेलं की ती गप्प बसते," ते म्हणाले. "लांबपर्यंत गप्प. चुकलं की बोलते. जेवढं चुकेल तेवढी बोलते. चिडत नाही, कंटाळत नाही. पण पोचलं की म्हणते, आपण पोहोचलात, आणि जाते. म्हणून मग मी पोचत नाही."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"तुला तिकडे काम असतं," काका म्हणाले. "फोन करावा तर पोरं उठतात. आणि मी काय बोलणार? आकडाच सांगणार. तो महिन्यातून एकदाच असतो."

"उद्या त्या काशीगावच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगा," काकू म्हणाल्या.

"रिक्षाच्या वर गेलाय आकडा. नियम आहे."

"नियम राहू दे तुमचा. आधी तिला बंद करा."

काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि बाईला बंद केलं. गल्ली एकदम मोठी वाटायला लागली. मी माझा मोबाइल डॅशबोर्डवर टेकवून ठेवला.

"आत्ता कुठे आहात?" काकूंनी विचारलं. पलीकडे रडणं लांब गेलं. त्या पोरांना कोणाकडे तरी देऊन गॅलरीत आल्या असाव्यात. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"हाटकेशच्या मागे. कारखान्यांच्या गल्लीत."

"समोर टायरवाला दिसतो का?"

टायरवाल्याचं दुकान गेलं त्याला बरेच महिने झाले. तिथे आता मोमोजची गाडी लागते.

"दिसतो," काका म्हणाले.

"त्याच्या आधी डावीकडे घ्या. हळू. तिथे कोपऱ्यावर दगड असतो, तुम्ही नेहमी त्याच्यावर चढवता."

ती गल्ली काँक्रीटसाठी खोदलेली होती. तोंडापाशीच पत्रे उभे केलेले, त्यांच्यावर तांबडा दिवा लुकलुकत होता. काकू बंगळुरूला गेल्यानंतरचं ते काम. मला दिसत होतं. काकांनाही दिसत होतं. मी तोंड उघडलं, काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यांनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, आणि नसलेला दगड वाचवत गाडी डावीकडे घेतली. पत्र्यांना नाक लागेल इतक्या जवळ जाऊन थांबवली.

"वळलो," काका म्हणाले. "आता?"