जागरणाचा त्रास

नव्या गोळीने रंगनाथची फिट थांबली, पण जाताना ती झोपही घेऊन गेली. पूर्वी कधीमधी झेंडूच्या वाफ्यात तो कोसळायचा, हातपाय झाडायचा, पण त्यानंतर निदान मेल्यासारखा झोपायचा तरी. आता रात्रभर पत्र्याकडे बघत पडायचं आणि डोळा लागतोय न लागतोय तोच फुलांच्या पाट्या टेम्पोत भरायला उठायचं. गोळी सोडली तर फिट, घेतली तर जागा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की विहिरीत पडलेल्याला काढायला लोक धावतात तरी.

त्यात बहिणीचं, प्रतिभाचं, लग्न जमत आलेलं. नांदगावचं स्थळ, मुलगा महेश किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा, माणसं बरी. रंगनाथच्या आजाराची कुणकुण मात्र त्यांना लागता कामा नये. फिट येणाऱ्याच्या घरातली पोर कोण करून घेतो? पाहुण्यांनी तब्येतीची चौकशी केली की आई, नवसाबाई, घाईघाईने म्हणायची, "आमचा रंगनाथ? एकदम फिट हाय!" आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकायची.

शेवटी रंगनाथची बायको छाया त्याला आणि नवसाबाईला घेऊन शहरात डॉक्टरांकडे गेली. बाहेर ही गर्दी. डॉक्टरांनी चिठ्ठीवरून मान वर न करताच सांगितलं, "गोळी हळूहळू बदलू. मनाने बंद करायची नाही. आणि मावशी, लक्षात ठेवा, ह्याला होतोय तो सगळा त्रास जागरणाचा आहे."

नवसाबाईने तिथल्या तिथे हात जोडले.

"पाह्यलं?" बाहेर आल्याबरोबर ती म्हणाली. "येवढा शिकलेला मानूस, पन बरोब्बर वळखलं! तुज्या लग्नानंतर तुजा बाप गेला आन् खंडोबाचं जागरण राह्यलं ते राह्यलंच. मी कवाची सांगतीय, देव कोपला."

"आई, जागरण करू नका म्हणाले ते. म्हणजे रात्री जागायचं नाही," छाया म्हणाली.

"असं म्हनले? 'तरास जागरणाचा हाय' म्हनले. म्या काय बहिरी हाय?"

परत आत जाऊन विचारू म्हटलं, तर कंपाउंडर म्हणाला, पुन्हा नंबर लावा. रंगनाथने सरळ घरची वाट धरली. झोप न झालेल्या माणसाला वाद घालायचाही कंटाळा येतो, आणि जगातल्या निम्म्या गोष्टी अशाच ठरतात.

जागरण ठरलं. चुलते कोंडाजी यांनी त्यात आपली अक्कल घातली. "एवढं देवाचं कार्य, तर नांदगावच्या पाव्हण्यांना बी बोलवा. तिथंच लग्नाची तारीख काढू."

"काका, रातभर जागलो आन् त्यांच्यासमोर मला काही झालं तर?"

"देवाच्या दारात काय व्हतंय?" कोंडाजीकाकांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. उपयोगाचं एकही नव्हतं.

पाहुणे शहरातल्या द्वारका चौकात उतरून रिक्षाने आले. महेशचे वडील लहानूआप्पा आले, आई आली, महेशही आला. जेवणं झाली, वाघ्याने दिमडी हातात घेतली, मुरळीची घंटी वाजू लागली, आणि नको ते घडलं. इतके दिवस ज्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्या रंगनाथच्या पापण्या जड झाल्या. खरीखुरी झोप आली! मांडवाच्या खांबाला टेकून तो घोरायला लागला.

"यजमानच झोपला!" कुणीतरी ओरडलं.

नवसाबाईने चिमटा काढला. कोंडाजीकाकांनी तोंडावर पाणी मारलं. तो पुन्हा कलंडला, त्याला पुन्हा उभं केलं. वाघ्याने कपाळाला भंडारा लावायच्या निमित्ताने तो डोळ्यातही घातला.

"आई, झोप आलीय गं," रंगनाथ काकुळतीला आला. "खरी आलीय."

"आजच बरी आली! येवढी रात काढ बाबा. पाप लागंल."

"झोपू द्या ना त्यांना," छाया म्हणाली. "डॉक्टरांनी..."

"पाव्हण्यांसमोर डॉक्टरचं नाव काढू नको!"

उजाडता उजाडता लंगर तोडायची वेळ आली. साखळी ताणून धरली, सगळे उभे राहिले. हात जोडलेला रंगनाथ एकदम ताठ झाला, त्याच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला आणि तो धाडकन खाली पडला. हातपाय झाडू लागला. छायाने धावत जाऊन त्याला कुशीवर वळवलं. नवसाबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. मोडलं लग्न! आता नांदगावचे लोक पहिल्या गाडीने परत जाणार.

तेवढ्यात वाघ्याने आरोळी ठोकली, "आले! मल्हारी आले! येळकोट येळकोट..."

"जय मल्हार!" सगळा मांडव गरजला. लहानूआप्पांनी टोपी काढली आणि रंगनाथच्या उडणाऱ्या पायांवर डोकं ठेवलं. कुणीतरी त्याच्या तोंडात भंडारा घालायला आलं. छायाने त्याचा हात झटकला, तर तिलाच चार बायकांनी फैलावर घेतलं.

थोड्या वेळाने रंगनाथने डोळे उघडले. जीभ चावली गेली होती, डोकं दगड झालं होतं. समोर लहानूआप्पा हात जोडून बसलेले.

"देवा, लेकराच्या लग्नाचं काय ते सांगा."

"झोपायचंय," रंगनाथ पुटपुटला. "मला आता झोपायचंय."

मांडवातले लोक एकमेकांकडे बघू लागले. मग कोंडाजीकाकांचं डोकं चाललं.

"ऐकलं? आषाढी जवळ आली. देव झोपले की चार महिने लगीन नाय. म्हनजे देव सांगतोय, मी झोपायच्या आत उरका!"

"पन काका, आषाढीला विठ्ठल झोपतो. खंडोबाचं काय?" कुणीतरी शंका काढली.

"देवाघरी दिवा मालवला की सगळेच झोपत्यात!"

तारीख तिथेच ठरली, साखर वाटली गेली. "असं देवाचं घर मिळाया भाग्य लागतं," असं लहानूआप्पा ज्याला त्याला सांगत सुटले. ज्या आजाराने लग्न मोडणार होतं त्यानेच ते जमवलं, फक्त त्याचं नाव बदलावं लागलं. रोग म्हटला की लोक दार लावून घेतात, देव म्हटला की पाया पडतात. मधल्या माणसाची जीभ किती चावली गेली, हे बघायला एकट्या छायालाच सवड होती. तिने त्याचं तोंड पुसलं, मागच्या खोलीत नेऊन निजवलं आणि ती पाहुण्यांच्या चहाला गेली.

डोळा लागणार, तोच दार वाजलं. महेश आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"पाया पडू नका हो," रंगनाथ कण्हला.

"पडत नाय, दादा." महेश जवळ बसला आणि हळूच म्हणाला, "कोनती गोळी घेता?"

"कसली गोळी?" रंगनाथ कोपरावर उठून बसला.

"मला समजलं. पडताना तुमच्या तोंडून आवाज निघाला ना, तसाच माझा निघतो म्हणतात घरचे. माझी दोन टाइम चालू हाय. पण लय झोप येती हो तिनं. गल्ल्यावर बसल्या बसल्या मान पडते, गिऱ्हाईक हसतं. तुमच्या गोळीनं जागं राहता येतं का?"

रंगनाथच्या डोक्यात सणक गेली. आमच्या पोरीला फसवता? आधी सांगायला नको? शब्द जिभेवर आले आणि चावलेल्या जिभेची आग झाली. बाहेर नवसाबाई विहीणबाईंना सांगत होती, "आमच्यात लपवाछपवी नाय बाई." त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "आमच्यात बी नाय."

"प्रतिभाला माहीत आहे?" रंगनाथने विचारलं.

महेशने मान खाली घातली. "आप्पा म्हणले, आधी अक्षता पडू दे." मग म्हणाला, "तुम्ही सांगा ना तिला, दादा. माझ्यानं नाय होत."

तो निघून गेला. रंगनाथ पडून राहिला. सांगावं, तर बोलायचं कुठल्या तोंडाने? न सांगावं, तर पोर आयुष्यभर नवऱ्याच्या उशाशी बसणार, आणि ते कसं असतं हे छायाला विचारावं.

बाहेर बांगड्या वाजल्या. प्रतिभाने दारातून आत डोकावलं. कपाळाला भंडारा, चेहरा आनंदाने फुललेला.

"दादा, जागा आहेस? काय म्हणत होते रे ते?"

रंगनाथने डोळे घट्ट मिटून घेतले आणि तो मोठ्याने घोरायला लागला.

"झोपलाय बिचारा," प्रतिभा मागे वळून कुणाला तरी म्हणाली. "कुणी उठवू नका त्याला."

तिने आवाज न करता दार ओढून घेतलं. घर चिडीचूप झालं, आणि रंगनाथ टक्क जागा होता.