मुरत ठेवलेला आवाज

निसर्ग माणसाला दोन कान देतो. पण ते नीट वापरायला लागणारी यंत्रसामग्री सोबत देत नाही. ही उणीव बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ते जन्मभर नुसत्याच कानांनी ऐकतात आणि तसेच जातात.

दंतवैद्य त्यांच्यातले नव्हते. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी घरी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणला. (किंमत विचारणे असभ्य मानले जाते. पत्नीने एकदा विचारली होती.) तो जिना चढवायला चौघे लागले आणि ठेवायला जेवणाच्या टेबलाची जागा लागली. समोर काचेचे चार व्हॉल्व्ह. चालू केले की आतल्या तारा निखाऱ्यासारख्या फुलत. जुन्या रेडिओत असेच व्हॉल्व्ह असायचे आणि ते हद्दपार झाले तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण वस्तू टाकून पुरेशी वर्षे लोटली की ती परत आणण्याला रसिकता म्हणतात.

व्हॉल्व्हच्या आवाजात ऊब असते. ही ऊब मोजता येत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल जाणकारांत मतभेद नाहीत. (खोलीची ऊब मोजता येते. ती चार अंशांनी वाढली.) दातांना भोक पाडणारे यंत्र वर्षानुवर्षे कानाशी केकाटल्यामुळे दंतवैद्यांना वरच्या पट्टीतले स्वर ऐकू येत नाहीत, असा कानाच्या डॉक्टरांचा लेखी अभिप्राय होता. नेमके तेच स्वर व्हॉल्व्हमधून विलक्षण मुलायम येतात, असे दंतवैद्यांचे निरीक्षण होते.

नवा व्हॉल्व्ह मात्र मुरावा लागतो. रोज संध्याकाळी तो तापवायचा, हळू आवाजात वाजवायचा आणि गुण येतो का, याकडे कान लावून बसायचे. या काळात घरात पुढील गोष्टींना मनाई होती: पंखा, मिक्सर, चपला फरपटत चालणे, फोनवर हसणे, आणि स्वयंपाकघराचे दार न लावता बोलणे. खोकला गाण्यांच्या मधल्या जागेत काढायची परवानगी होती. हा शेवटचा नियम एकाच माणसासाठी केलेला होता. घरात वडील होते.

वडिलांनी सारी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवली. पत्र्याच्या कर्ण्यातून, इंजिनांच्या घरघरीत, सर्दी झालेली असतानाही ते बोलत आणि माणसे बरोबर आपापल्या गाडीत बसत. या कर्ण्यात खोली, ऊब, विस्तार यांपैकी काहीही नव्हते. (प्रवाशांकडून तशी तक्रार आल्याची नोंद नाही.) दंतवैद्य लहान असताना वडिलांची पाळी बहुधा संध्याकाळची असे आणि पोरगा त्यांच्यावाचून झोपत नसे. म्हणून वडिलांनी एका टेपवर खास घोषणा भरून ठेवली होती. आई ती रोज लावायची. पुढे टेप कपाटात गेली आणि आईही राहिली नाही.

आता वडिलांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावे लागेल, पुढे बोलता येणार नाही, असे सर्जनने स्पष्ट सांगितले.

दंतवैद्य हळवे झाले. वडिलांचा आवाज कायमचा जाणार, तर तो एकदा सर्वोत्तम रीतीने ऐकला पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला. त्यांनी कपाटातून टेप शोधून काढली आणि अँप्लिफायर पूर्ण मुरेपर्यंत तिला हात लावायचा नाही असे ठरवले.

"अरे, मी इथंच आहे की," वडील म्हणाले. "काय ऐकायचंय ते सांग. म्हणतो."

"तसं नाही, बाबा. समोरून आवाज जरा कोरडा येतो."

"बरं. मग संध्याकाळी नुसता बस माझ्यापाशी. थोडं बोलायचं होतं."

"संध्याकाळी व्हॉल्व्ह तापलेले असतात, बाबा. शनिवारी बसू ना निवांत."

"ऑपरेशन शुक्रवारी आहे."

"हो, पण व्हॉल्व्ह शनिवारी मुरतायत. मध्येच बंद केले तर पुन्हा पहिल्यापासून. तुम्हीच सांगा आता, काय करू?"

पत्नी भांडी पुसत होती. "काखेत कळसा," एवढेच ती म्हणाली आणि पुढचे भांडे उचलले.

गुरुवारी संध्याकाळी वडील स्वयंपाकघरात गेले. सूनबाईंनी नियमाप्रमाणे दार लावले. वडिलांनी तिला नोकरीतल्या गमती सांगितल्या. कोणत्या ड्रायव्हरची बायको थेट फलाटावर येऊन भांडायची, एकदा चुकून लग्नाचे अख्खे वऱ्हाड भलत्याच गावाला कसे रवाना केले, आणि दंतवैद्य लहानपणी डॉक्टरांच्या भीतीने कुठे लपायचे, ते सगळे. ती पदर तोंडात कोंबून हसत होती. "हे त्याला सांगायचं होतं," वडील म्हणाले. "पण तू ऐकलंस ना, झालं."

बाहेर दंतवैद्य अस्वस्थ होते. डाव्या बाजूने सारखी एक बारीक गुणगुण येत होती. खालच्या पट्टीतली, थांबून थांबून येणारी. (स्वयंपाकघर डाव्या बाजूला आहे.) त्यांनी तारा तपासल्या, प्लग उलटा करून पाहिला, अखेर राखीव डब्यातला नवा व्हॉल्व्ह डावीकडे बसवला. थोड्या वेळाने गुणगुण थांबली. वडील झोपायला गेले होते. व्हॉल्व्ह बदलल्याचा गुण लगेच आला, अशी दंतवैद्यांनी नोंद केली.

शुक्रवारी शस्त्रक्रिया यशस्वी झाली. त्यानंतर यंत्रातून अशी गुणगुण पुन्हा कधी आली नाही.

वडील घरी परतले, डावीकडचा नवा व्हॉल्व्हही मुरला, आणि टेप ऐकण्याचा कार्यक्रम झाला. दंतवैद्यांसारख्याच यंत्ररसिकांच्या श्रवणमंडळाचे दोन सदस्य हजर होते: एक निवृत्त न्यायाधीश, आणि भिंतीतल्या विजेच्या तारेवर आवाजाचे चारित्र्य ठरते असे मानणारे 'तारवाले'. ऐकण्यासाठी योग्य खुर्ची खोलीत एकच असल्याने ती न्यायाधीशांना देण्यात आली. गळ्याला पट्टी बांधलेले वडील कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. व्हॉल्व्ह तापले. टेप फिरली.

"लक्ष द्या. झोपेच्या गावाला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. ज्या प्रवाशानं दात घासले नसतील, त्याला खिडकीची जागा मिळणार नाही. बाबा ड्यूटीवरून आले की पुढच्या थांब्यावर गाडीत चढतील. तोवर जागा धरून ठेवावी."

दंतवैद्यांचे डोळे भरून आले.

"काय खोली आहे!" तारवाले म्हणाले.

"जिवंत," न्यायाधीशांनी निकाल दिला. "अगदी समोर बसून बोलतायत, दुसरं काही नाही."

वडील समोर बसले होते.

दंतवैद्य गहिवरून त्यांच्याकडे वळले. "बाबा, कसं वाटलं? बोला ना काहीतरी!"

खोलीत कोणी काही बोलले नाही. पत्नी उठून आत गेली. वडिलांनी स्टूल सरकवून शेजारी थोडी जागा केली आणि हाताने ती थोपटली. पण व्हॉल्व्ह अजून तापलेले होते, त्यामुळे दंतवैद्यांना उठता आले नाही. त्या शांततेबद्दल न्यायाधीशांनी विशेष समाधान व्यक्त केले. इतकी काळीशार, निर्मळ शांतता आपण कुठल्याही घरात ऐकलेली नाही, असे ते म्हणाले. दहापैकी साडेनऊ गुण देण्यात आले. (अर्धा गुण स्टूल सरकल्याच्या आवाजापोटी कापला.)

वाचकांनी हे सर्व एकाग्रतेने वाचले, याबद्दल त्यांचे आभार. घरात वाचण्याजोगी शांतता आपोआप होत नसते. कुणाला तरी "थांब जरा, एवढं वाचून होऊ दे" असे सांगावे लागते. ते माणूस अजून दाराशी उभे असल्यास उत्तमच. समोरून आवाज जरा कोरडा येईल.