बापूसाहेबांचं उतरणं

विमान कलंडलेलं, एक पंख मातीत रुतलेला, आणि बापूसाहेब देशमुख त्यातून बाहेर येऊन टोपीवरची धूळ झटकत म्हणायचे, "उतरलो तर नीटच होतो. पुढचं शेपटीनं केलं."

हे मी चार वेळा ऐकलं आहे.

तेव्हा निजामाचा अंमल होता. आमच्या आष्टीकडं विमान कुणी जवळून पाहिलेलं नव्हतं. बापूसाहेब हैदराबादेत ते चालवायला शिकले आणि दोन माणसांचं एक घेऊनच आले. लाकडी सांगाडा, कापडाचे पंख, पुढं दोन चाकं आणि शेपटीखाली एक इवलंसं. मी त्यांचा कारकून. विमान मोडलं की सुतार आणि शिंपी गाठायचं काम माझ्याकडं आलं.

बापूसाहेब खोटं बोलत नसत. पुढची चाकं माळावर अलगद टेकायची, धावही सरळ असायची. वेग मंदावला की हे सैल बसायचे, आणि नेमकं तेव्हाच आडव्या वाऱ्यानं शेपटी गर्रकन पुढं यायची. विमान स्वतःभोवती फिरून पंखावर आदळायचं. शेपटी पायांनीच सांभाळायची असते; थांबेपर्यंत पाय ढिले सोडू नका, असं त्यांच्या उस्तादानंही बजावलं होतं म्हणे. "बराबर हाय," बापूसाहेब म्हणायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

माळाच्या कडेला धनगरांची वस्ती होती. धुरळा उठला की सगळी माणसं मेंढरं सोडून पळत यायची. म्हातारी कोंडाबाई बापूसाहेबांना घरी न्यायची, हाडं चाचपायची, खरचटलेल्या जागी हळद लावायची आणि चुलीपुढं बसवून जेवू घालायची. घोडं काय वाईट होतं, असं दर वेळी विचारायची. बापूसाहेब दिवस मावळेपर्यंत तिथंच रमायचे.

पाचव्या खेपेला वारं पडलेलं होतं. विमान टेकलं, सरळ धावलं आणि सरळच थांबलं. उठून उभे राहिलेले धनगर ते पाहून पुन्हा मेंढरांकडं वळले. मी खुशीत जवळ गेलो. बापूसाहेब आतच बसून होते.

"कुणी आलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नीट उतरलात की, बापूसाहेब. कावून येतील?"

बाईसाहेबांना जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा हैदराबादेत, घरी पाटावर हे एकटेच. मला सगळं ठाऊक होतं. त्याचा विमानाशी काही संबंध असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

मग ते उतरले आणि वस्तीकडं चालू लागले. मीही मागं गेलो. कोंडाबाई लगबगीनं उठली, त्यांचा कोपर चाचपू लागली, कुठं लागलं म्हणून विचारू लागली.

"लागलं न्हाई," बापूसाहेब म्हणाले. "आसाच आलो."

तिनं क्षणभर त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. कोपर सोडला, सरपण बाजूला सारून घोंगडी अंथरली.

"कालवणाला येळ हाय, मालक," ती म्हणाली. "बसा."