काटेरावांची घरगाडी आणि अर्ध्या कोसावरचा समुद्र

एका जंगलात, मुलांनो, काटेराव नावाचं साळिंदर राहत होतं. खरं तर ते कुठेच राहत नव्हतं, कारण त्याच्याकडे घरगाडी होती. म्हणजे चाकांवरचं घरच. आत चूल, पलंग, मोरी आणि बायको. बायकोचं नाव साळूबाई.

लग्न ठरताना काटेरावांनी शब्द दिला होता, "तुला समुद्र दाखवीन." साळूबाईने तेवढ्यासाठी होकार दिला. नाहीतर अस्वलाचं स्थळ चांगलं होतं. घरचा मध होता.

त्या जंगलात एक रीत होती. दिवस मावळला की साऱ्या घरगाड्या वाटेवरच्या पाणवठ्यापाशी थांबत. तिथे 'जेवलात का' असं कुणी विचारत नसे. "आज किती?" असं विचारत. म्हणजे आज किती कोस गाडी हाकली.

तरुणपणी काटेराव छाती काढून सांगत, "दोनशे." शेजारचा कोल्हा एकशे नव्वदवर अडलेला असे, त्यामुळे काटेरावांना झोप छान लागे.

एकदा खिडकीतून निळं निळं काहीतरी सरकलं.

"अहो, समुद्र वाटतं," साळूबाई म्हणाली.

"परतताना बघू. दोनशेला अकरा कमी आहेत."

परतताना दुसरा रस्ता जवळचा निघाला.

मग तीन मुलं झाली. एकाला गाडी लागे, दुसऱ्याला दर झाडापाशी शू लागे, आणि तिसरं सारखं "आलं का? आलं का?" करी. चाळीस कोसांत जीव मेटाकुटीला येई. काटेराव पाणवठ्यावर मान खाली घालून पाणी पीत. कोल्ह्याने गाठलंच तर म्हणत, "चाळीस. पण सगळा चढ होता हो."

साळूबाईने तेव्हा समुद्राचं नाव काढलं नाही. तीन पोरांना अंघोळ घालताना तिला रोज पुरेसं पाणी दिसत होतं.

मुलं मोठी झाली आणि आपापल्या गाड्यांतून दोनदोनशे कोस हाकायला निघून गेली. काटेरावांचे गुडघे धरले. एक कोस झाला की चहा, दुसरा झाला की डुलकी. एका संध्याकाळी ते चाचरत म्हणाले, "आज पाचच."

"पाच?" म्हातारा कोल्हा हळहळला. "या वयात एवढी घाई? आम्ही तीनच करतो. थांबावं, झाडंबिडं बघावीत."

काटेरावांच्या अंगावरचे होते नव्हते ते काटे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन केले. तिसऱ्या दिवशी कोल्ह्याने एक केला. चौथ्या दिवशी काटेरावांनी अर्धाच केला आणि एका टेकाडावर गाडी थांबवली. तिथे खारा वारा आला. समोर अर्ध्या कोसावर समुद्र गाजत होता.

"अहो, हाच तो. चला ना."

"उद्या. आजचा अर्धा झाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी सुरू केली, थोडा विचार केला आणि बंद केली. संध्याकाळी टेकाडाखालच्या पाणवठ्यावर ते हळूच म्हणाले, "शून्य."

कोल्ह्याने शेपूट घातली. हरणांनी माना डोलावल्या. "पोचलेले गृहस्थ आहेत," एक म्हातारं माकड म्हणालं.

मग रोज शून्य. सतरा दिवस.

"अहो, अर्धाच कोस आहे."

"अगं, मग विक्रम मोडेल ना."

साळूबाईला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा रागच जास्त आला. अठराव्या दिवशी तिने नवऱ्याचा चहा झाकून ठेवला, पदर खोचला आणि ती पायी चालू लागली.

दिवस कलताना ती पाणवठ्यावर आली. पाय ओले होते, काट्यांत शेवाळ अडकलं होतं. ती मनापासून खूश होती.

"वहिनी, आज किती?" कोल्ह्याने सवयीने विचारलं.

"मोजायचं राहिलं, भावजी," साळूबाई म्हणाली.

काटेरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे आमचं शून्य गेलं का?"

"छे. पायी चाललेलं धरत नाहीत," कोल्हा म्हणाला.

काटेरावांना हायसं वाटलं. गाडीत परतल्यावर थंड झालेला चहा त्यांनी अगदी सावकाश प्यायला.

तात्पर्य: हळू जाणारा शेवटी जिंकतोच. म्हणून समुद्र बघायचा असेल, तर त्याच्या गाडीत बसू नये.